मुलांच्या हाती जुनी धर्मपुस्तकं देताना

पालकहो,

१८६६ साली अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटी इथे, मुलांसाठी एक नियतकालिक सुरू झालं. त्याचं नाव ‘जुव्हेनाइल इन्स्ट्रक्टर’, संपादक जॉर्ज कॅनन. मॉर्मन पंथातल्या मुलांना चांगलं वळण लागावं, धर्माची गोडी लागावी, हा त्यामागचा हेतू होता आणि तो मनापासूनचा होता. दोनच वर्षांनी, १८६८मध्ये, त्यात मानवाच्या निरनिराळ्या वंशांवर एक लेखमाला आली. देवाने पहिला माणूस घडवला तो गोरा, आणि आफ्रिकी वंशाचे लोक बुद्धीने सगळ्यांत खालच्या पायरीवर, असं त्यात मुलांना शिकवलं होतं. कुणी आडमुठा दारूच्या गुत्त्यात बसून बरळला असता तर ते तिथेच विरून गेलं असतं. हे छापलं गेलं, धर्माच्या शिक्क्यानिशी, आणि घराघरांतल्या आयांनी ते विश्वासाने मुलांना वाचून दाखवलं असणार. मला त्या आयांचाच विचार जास्त छळतो.

आज तुमच्याशी याच विषयावर बोलायचं आहे. आपण ज्यांना पूज्य मानतो त्या माणसांनी, आपल्याच पंथाच्या पुस्तकांत, दुसऱ्या माणसांबद्दल भयंकर काही लिहून ठेवलं असेल, तर मुलांना ते कुणी सांगायचं आणि कसं? उदाहरण मी मॉर्मन पंथाचं घेते, कारण तिथे प्रत्येक गोष्टीला छापील कागद आहे, तारीख आहे, आणि बदल झाला तो आपल्यापैकी अनेकांच्या हयातीत झाला. या पंथात लाखो सज्जन, कुटुंबवत्सल माणसं आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांच्या शेजारीपाजारी, मुलांच्या वर्गात ती असतात. त्यांची हेटाळणी मला करायची नाही. त्यांच्यातल्या आईबापांवर जी वेळ आली ती ज्या ज्या घरात देवघर आहे आणि पुस्तकांचं कपाट आहे, त्या प्रत्येक घरावर येणार आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. जोसेफ स्मिथ या तरुणाने १८३०मध्ये न्यू यॉर्क राज्यात ‘बुक ऑफ मॉर्मन’ प्रसिद्ध केलं आणि त्याच वर्षी पंथाची स्थापना केली. या पुस्तकात प्राचीन काळी अमेरिकेत येऊन राहिलेल्या दोन लोकसमूहांची कथा आहे. त्यांतल्या एका समूहाने, लॅमनाइटांनी, देवाची अवज्ञा केली म्हणून त्यांच्यावर शाप आला आणि त्यांची कातडी काळवंडली, असं ती कथा सांगते. पुढे हेच लोक अमेरिकेतल्या आदिवासींचे पूर्वज, असं मानलं गेलं. म्हणजे शेजारच्या गावात राहणाऱ्या हाडामांसाच्या माणसांचा रंग हा पापाचा डाग ठरला. पुस्तकात एके ठिकाणी असंही भाकीत होतं, की हे लोक श्रद्धेकडे वळले की ‘गोरे’ आणि देखणे होतील. १८४०च्या आवृत्तीत स्मिथने स्वतः तिथे ‘शुद्ध’ असा बदल केला. पण नंतरच्या आवृत्त्या जुन्या पाठावरून छापल्या गेल्या आणि ‘गोरे’ परत आलं. ते अधिकृतपणे गेलं १९८१मध्ये. मधल्या काळात कितीतरी पिढ्यांनी ते पाठ केलं.

आफ्रिकी वंशाच्या लोकांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि मुलांना सांगायला ती फार उपयोगी आहे असं मला वाटतं. या पंथात पौरोहित्याचा अधिकार मोजक्याच लोकांपुरता नसतो. साधारण बारा वर्षांचा झाला की प्रत्येक मुलाला त्याची पहिली पायरी मिळते, आणि सगळं धार्मिक आयुष्य, मंदिरातले विवाहविधीसुद्धा, त्या अधिकाराभोवती फिरतं. सुरुवातीला यात रंगाचा अडसर नव्हता. एलायजा एबल हा कृष्णवर्णीय सुतार १८३६मध्ये रीतसर दीक्षित झाला. क्यू. वॉकर लुईस हा मॅसॅच्युसेट्समधला कृष्णवर्णीय न्हावीही पुरोहित होता, आणि १८४७च्या मार्चमध्ये, स्मिथनंतर पंथाची धुरा सांभाळणाऱ्या ब्रिगहॅम यंग यांनी त्याची वाखाणणी केल्याची नोंद आहे. त्याच यंग यांनी १८५२मध्ये, पंथाने तोवर जिथे बस्तान बसवलं होतं त्या युटाच्या विधिमंडळासमोर, आफ्रिकी रक्ताच्या कुणालाही हा अधिकार मिळणार नाही असं जाहीर केलं. त्याच अधिवेशनात युटामध्ये गुलामगिरीला कायद्याचं कवच मिळालं. एबल यांची दीक्षा कुणी काढून घेतली नाही, पण मंदिरातले पुढचे विधी करू द्यावेत ही त्यांची विनंती फेटाळली गेली. मंदिराच्या बांधकामावर मात्र त्यांचे हात राबले होते. म्हातारपणी ते पंथाच्या प्रचारासाठी पुन्हा बाहेर पडले आणि परत आल्यावर थोड्याच दिवसांत, १८८४मध्ये, वारले.

इथे मला जेन मॅनिंग जेम्सबद्दल सविस्तर सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कनेक्टिकटमध्ये जन्मलेली ही स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई. १८४३मध्ये ती आपल्या घरच्यांना घेऊन इलिनॉयमधल्या नॉवूला, जिथे तेव्हा पंथाचं मुख्य ठाणं होतं, तिथे निघाली. बफेलो इथे त्यांना बोटीवर पुढे जाऊ दिलं नाही. मग ही माणसं पायी निघाली. जवळजवळ तेराशे किलोमीटर. तिने पुढे आपली हकीकत लिहवून ठेवली आहे, तीत बूट फाटले, पाय फुटले आणि वाटेवर रक्ताचे ठसे उमटले असं ती सांगते. नॉवूला ती जोसेफ स्मिथच्या घरी कामाला राहिली. १८४७मध्ये युटात पोचलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ती एक. आयुष्यभर तिने श्रद्धा सोडली नाही, आणि आयुष्यभर ती एकच मागणं मागत राहिली: मला मंदिरातले विधी करू द्या, माझ्या माणसांशी माझं नातं परलोकातही टिकू द्या. तिने पंथप्रमुखांना पत्रं लिहिली. अखेर १८९४मध्ये एक खास विधी तिच्यासाठी तयार केला गेला आणि त्यात तिला स्मिथ कुटुंबाची अनंतकाळची सेविका म्हणून जोडण्यात आलं. तेही तिला मंदिरात पाऊल न टाकू देता. तिच्या जागी एक गोरी बाई उभी राहिली. जेनचं त्याने समाधान झालं नाही, तिने मागणं चालूच ठेवलं. १९०८मध्ये ती गेली तेव्हा अंत्यविधीच्या वेळी पंथाचे अध्यक्ष तिच्याबद्दल बोलले. तिने मागितलेला विधी तिच्या नावाने झाला १९७९मध्ये, तिच्या मृत्यूनंतर एकाहत्तर वर्षांनी.

मुलांना तात्त्विक चर्चा सांगू नका, जेन सांगा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ‘वंशवाद’ समजणार नाही, पण इतकं चालून आलेल्या बाईला दाराबाहेर उभं केलं हे त्याला नक्की समजतं आणि त्याचा राग येतो. तो राग येऊ द्या. लगेच त्याची समजूत घालायला जाऊ नका.

बंदी घातली की तिचं कारण द्यावं लागतं. आणि खरी इजा कारणांनी केली. पहिली काही दशकं, काळे लोक त्यांचेच वंशज असं म्हणत, बायबलमधल्या केन आणि हॅमच्या शापाचा दाखला दिला जाई. हा दाखला या पंथाने शोधलेला नव्हता, अमेरिकेतले गुलामांचे मालक तो आधीपासून वापरत होते. पण पुढे आणखी एक उपपत्ती रुळली. जन्माआधी सगळे आत्मे देवाजवळ होते, तिथे जे कमी निष्ठावान ठरले ते काळ्या कातडीत जन्माला आले! पंथाचे एक वरिष्ठ नेते जोसेफ फील्डिंग स्मिथ यांच्या १९३१च्या ‘द वे टू परफेक्शन’ या पुस्तकात हे पद्धतशीर मांडलं आहे. १९४९मध्ये पंथाच्या सर्वोच्च मंडळाच्या निवेदनातही हाच सूर आला, आणि १९५८मध्ये आणखी एक नेते ब्रूस मॅकॉन्की यांच्या ‘मॉर्मन डॉक्ट्रिन’ या घरोघरी पोचलेल्या ग्रंथात तो ठामपणे छापला गेला.

मराठी माणसाला हे ओळखीचं वाटल्याशिवाय राहणार नाही. समोरच्याच्या वाट्याला आलेला अन्याय हा त्याच्याच पूर्वजन्मीच्या करणीचं फळ, हे आपल्याकडे शतकानुशतकं सांगितलं गेलं. चोखोबांना विठ्ठलाच्या देवळाची पायरी ओलांडता आली नाही आणि त्यांच्या नावावरच्या काही अभंगांत आपल्या हीन जन्माचं कारण ते स्वतःच मागल्या जन्मात शोधताना दिसतात. ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच तो पटवून देणं, याहून मोठी हानी नाही. सॉल्ट लेक सिटीत आणि पंढरपुरात, एकमेकांची गंधवार्ता नसताना, माणसांनी हीच युक्ती शोधून काढली. म्हणून ही गोष्ट मुलांना सांगताना ‘ते बघा कसे होते’ असा सूर लावू नका. मूल पुढचा प्रश्न विचारणारच, आणि तो आपल्या देवघराबद्दल असेल.

‘त्या काळी सगळेच तसे होते,’ हे वाक्य आपल्या जिभेवर अगदी सहज येतं. कृपा करून ते गिळा. ते खोटं आहे. एलायजा एबल यांना दीक्षा देणारे त्याच काळातले होते, त्याच पंथातले होते. म्हणजे १८३६मध्ये जे शक्य होतं ते १८५२मध्ये अशक्य झालं, काळ पुढे गेला आणि माणसं मागे गेली. नंतरही विरोध करणारे होतेच. युटाचेच समाजशास्त्रज्ञ लॉरी नेल्सन यांनी १९४७मध्ये पंथप्रमुखांना पत्र लिहून विचारलं, की या शिकवणुकीचा आधार काय? वरिष्ठांचं उत्तर आलं, ते आपल्या भूमिकेवर ठाम राहिले. नेल्सन यांनी १९५२मध्ये हा विषय ‘द नेशन’ साप्ताहिकात उघडपणे मांडला. त्याच १९४७च्या मे महिन्यात आपल्याकडे साने गुरुजी पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले होते. प्रत्येक काळात असं एखादं माणूस असतं. ‘सगळेच तसे होते’ म्हटलं की आपण नेमकं त्यालाच मुलांच्या नजरेआड करतो.

१९७३मध्ये लेस्टर बुश या डॉक्टरने, जो स्वतः श्रद्धावान मॉर्मन होता, जुनी कागदपत्रं चाळून एक दीर्घ लेख लिहिला. या बंदीची सुरुवात संस्थापक जोसेफ स्मिथपर्यंत नेता येत नाही, हे त्याने दाखवलं. पुढच्याच वर्षी स्काउटच्या पथकात कृष्णवर्णीय मुलाला नायकपद मिळू शकत नाही म्हणून खटला उभा राहिला, कारण मॉर्मन पथकांत ते पद पौरोहित्याशी जोडलेलं होतं. बारा वर्षांच्या मुलापर्यंत ही गोष्ट अशी पोचत होती. ब्राझीलमध्ये साओ पावलोला मंदिर बांधलं जात होतं, आणि त्यासाठी खपणाऱ्या श्रद्धावानांपैकी कितीतरी जणांच्या पूर्वजांत आफ्रिकी रक्त होतं. त्यांतल्या कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणार तरी कसं? जून १९७८मध्ये अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी बंदी उठल्याचं जाहीर केलं. अनेक घरांत लोक रडले, देवाचे आभार मानले गेले, काळ्याही आणि गोऱ्याही घरांत.

किंबल हे नाव लक्षात ठेवा. मोठ्या मुलांशी, दहावी-बारावीच्या मुलांशी, बोलताना मला त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण सापडत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पंथाने एक योजना चालवली होती. आदिवासी मुलांना, बरीचशी नव्हाहो समाजाची, शाळेच्या वर्षात गोऱ्या मॉर्मन कुटुंबांत राहायला पाठवत. अशी हजारो मुलं आईबापांपासून दूर वाढली. काहींना शिक्षण मिळालं, माया मिळाली, आणि तरीही आपली भाषा नि आपलं घर हरवल्याचं दुःख त्यांतल्या कित्येकांनी मोठेपणी बोलून दाखवलं. या योजनेमागे सगळ्यांत जास्त जिव्हाळा किंबल यांचाच होता. १९६०च्या ऑक्टोबरमध्ये पंथाच्या भर परिषदेत त्यांनी सांगितलं, की या घरांत राहणारी मुलं आपल्या सख्ख्या भावंडांपेक्षा उजळ दिसू लागली आहेत. हे भाषण त्या डिसेंबरच्या ‘इम्प्रूव्हमेंट एरा’ मासिकात छापूनही आलं. ज्या माणसाला त्या मुलांबद्दल खरंच कळवळा होता, ज्याने पुढे बंदी उठवली, त्याच माणसाच्या डोळ्यांना मुलांच्या गालावर शाप फिटताना दिसत होता! भलं माणूस आणि वाईट शिकवण एकाच देहात राहू शकतात. मुलांना हे वेळेवर कळलं नाही, तर एक दिवस ती पूज्य माणसाला एका फटक्यात फेकून तरी देतात, नाही तर त्याचं सगळंच खरं मानत राहतात.

आपल्या घरात डोकावून एकच सांगते. बाळ जन्मलं की ‘रंग कुणाचा घेतलाय?’ हे आपण किती सहज विचारतो, आणि लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द अजून कसा ठाण मांडून बसला आहे, ते तुम्ही जाणता. उजळ होणं म्हणजे सुधारणं, हे समीकरण पोरांच्या डोक्यात घालायला आपल्याला कुठल्या धर्मग्रंथाचीही गरज पडलेली नाही.

बंदी उठली, पण पुस्तकांचं काय झालं? १९७८च्या जाहीरनाम्यात बंदी का होती याबद्दल अवाक्षर नव्हतं. मॅकॉन्की यांनी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये धर्मशिक्षकांना सांगितलं, की याबाबत मी आणि आधीच्यांनी जे काही म्हटलं ते विसरून जा. मोकळेपणाचा तो क्षण होता, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण माणसं छापलेलं विसरत नाहीत. त्यांच्याच ग्रंथातला बराचसा जुना विचार पुढच्या आवृत्तीत तसाच राहिला आणि तो ग्रंथ २०१०पर्यंत दुकानांत मिळत होता. ‘बुक ऑफ मॉर्मन’च्या प्रस्तावनेत लॅमनाइट हे आदिवासींचे ‘प्रमुख’ पूर्वज असं १९८१पासून छापलं जाई, ते २००६-०७च्या सुमारास सौम्य केलं गेलं. काही प्रकरणांच्या मथळ्यांतला कातडीचा उल्लेखही २०१०मध्ये निघाला. हे सगळं झालं ते गाजावाजा न करता. अखेर २०१३च्या डिसेंबरमध्ये पंथाने एक निबंध प्रसिद्ध करून काळा रंग हा शाप किंवा जन्माआधीच्या वागण्याचं फळ, या उपपत्ती आपण नाकारतो असं स्पष्ट म्हटलं. त्यात क्षमायाचना नव्हती. २०२०मध्ये घरी कुटुंबाने मिळून वाचायच्या अभ्यासपुस्तिकेत, अनवधानाने, काळी कातडी म्हणजे शापाची खूण असं सांगणारं जुनं अवतरण पुन्हा छापलं गेलं. डिजिटल आवृत्ती दुरुस्त झाली, एका वरिष्ठ नेत्याने जाहीरपणे खेदही व्यक्त केला, पण छापील प्रती तोवर घराघरांत पोचल्या होत्या.

एखादी भिंत ओल धरते तेव्हा तिच्यावर नवा रंग फासून भागत नाही, पोपडे पुन्हा सुटतात. गुपचूप केलेल्या दुरुस्तीचं हेच होतं. चूक कुणी केली, कधी केली, तिने कुणाला काय भोगावं लागलं, हे मोठ्या आवाजात सांगितलं नाही की ती पुढच्या पिढीच्या पुस्तकात परत उगवते. आणि आज सोळा वर्षांच्या पोराच्या हातात फोन आहे. ब्रिगहॅम यंग यांची प्रवचनं, १८५४ ते १८८६ या काळात सव्वीस खंडांत निघालेल्या ‘जर्नल ऑफ डिस्कोर्सेस’मधली, त्याला घरबसल्या वाचता येतात. ती वाचून तो विचारतो, तुम्हाला हे माहीत होतं का? अनेक मॉर्मन घरांत याच प्रश्नापाशी मुलगा किंवा मुलगी दुरावली. ग्रंथातला मजकूर त्यांना जेवढा लागला नाही, तेवढं आईवडिलांचं मौन लागलं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे, की पहिलं सांगणारे तुम्ही व्हा. आधी स्वतः वाचा, मग मुलाला जवळ बसवून ते पान उघडा. हे चूक होतं, असं सरळ म्हणा, त्याला ‘पण’ची शेपटी जोडू नका. मग ज्यांनी विरोध केला त्यांची नावं सांगा. आणि मूल म्हणालं, मग मी हे पुस्तक का मानायचं, तर चिडू नका. त्या प्रश्नाला वर्षानुवर्षं वेळ लागू शकतो आणि त्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं निघू शकतं. श्रद्धा ठेवून हे सगळं मान्य करणारी माणसं आहेत, लेस्टर बुश त्यांच्यापैकी एक होता.

मराठी मुलांना हे शिकवायला आपल्याकडे एक खणखणीत पुस्तक आहे. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ची, म्हणजे ‘जुव्हेनाइल इन्स्ट्रक्टर’मधल्या त्या लेखमालेनंतर पाचच वर्षांनी आलेली. गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना जोतीरावांनी ती अर्पण केली. एकाच देशात एकीकडे मुलांना काळ्या माणसाची पायरी शिकवली जात होती, आणि त्याच देशातल्या दुसऱ्या माणसांकडे पुण्यातला एक माणूस आदराने बघत होता. ‘गुलामगिरी’चा घाटही बघा. धोंडीबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात, आणि अवतारांच्या एकेका कथेला दोघं मिळून प्रश्न करत जातात. घरात धर्मपुस्तक वाचायची ही रीत आपल्याकडे दीडशे वर्षांपासून छापील स्वरूपात आहे. या सुट्टीत ती मुलांबरोबर वाचायला घ्या, आणि धोंडीबाची वाक्यं मुलांना म्हणू द्या.